अंगावरचं पित्त आणि आपली म्हातारी माणसं



मेहकर तालुक्यातल्या आमच्या जानेफळात आपलं मनापासून स्वागत. सोयाबीन सोंगणीला आलंय, माणसाला क्षणाची उसंत नाही, तरी आपण आलात. 1 ऑक्टोबर ही तारीख आम्ही मुद्दाम धरली. आज ज्येष्ठ नागरिक दिन आहे आणि अंगावर उठणाऱ्या पित्ताचा, अर्टिकेरियाचा, जागतिक दिनही आजच असतो.

जानेवारी 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव-कालवडला लोकांचे केस गळाले, तेव्हा बाहेरून तज्ज्ञांची पथकं आली. यायलाच हवी होती. पण सत्तरीच्या आजीच्या अंगावर महिनोन्‌महिने गांधी उठतात, खाजवून रात्र सरते, तेव्हा 'वयाचंच आहे' म्हणून घरातच विषय मिटतो. सहा आठवड्यांवर चाललेलं पित्त हा जुनाट आजार आहे. त्यावर उपाय आहेत, आणि ते म्हातारपणीही लागू पडतात.

अडचण अशी, की रात्री उठलेली गांधी सकाळी दवाखान्यात येईस्तोवर मावळते. म्हणून मी नातवंडांना सांगतो, रात्रीच मोबाईलवर फोटो काढा आणि एका गांधीभोवती बॉलपेननं कडं करून वेळ लिहून ठेवा. चोवीस तासांत जागा साफ झाली तर बहुधा नेहमीचं पित्त. तिथंच राहिली, दुखली, जाताना काळानिळा डाग सोडून गेली, तर रक्तवाहिन्यांना सूज असू शकते. त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. उतारवयात पेम्फिगॉइड या त्वचारोगाचे फोड येण्याआधीही कित्येक आठवडे नुसती खाज आणि गांधी दिसतात. खरजेलाही कुणी पित्त समजतं.

मग घरातली गोळ्यांची पिशवी उघडायची. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक अनेकांचं पित्त भडकवते. बीपीच्या एनालाप्रिल, रामिप्रिलनं ओठ-जीभ सुजू शकते. अशी सूज आली, श्वास अडला, तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा. आणि बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

माझ्या डॉक्टर बंधू-भगिनींना कळकळीची विनंती आहे. अविल, सीपीएमसारख्या झोप आणणाऱ्या गोळ्या म्हाताऱ्यांना सहज देऊ नका. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबते. डेक्सामेथासोनच्या सुईनं चार दिवस बरं वाटतं, पण साखर चढते, आणि सुया घेत राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. फेक्सोफेनाडिन, लिवोसेटिरिझिन स्वस्त आहेत. किडनी तपासून मात्रा ठरवावी आणि गोळी नेमानं रोज घ्यायला सांगावी, फक्त खाज सुटल्यावर नव्हे. त्यानंही भागलं नाही तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन आहे. महाग आहे, पण त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायला उशीर नको.

आमसुलाचं पाणी लावून थंड वाटत असेल तर जरूर लावा. मात्र तूरडाळ, दूध, वांगं, अंडी सगळंच तोडून आजींना अशक्त करू नका. जुनाट पित्ताचं मूळ खाण्यात क्वचितच सापडतं. पथ्याच्या नावाखाली अर्धपोटी राहिलेल्या आजी पाहिल्या की फार वाईट वाटतं.

मंडपाच्या डाव्या हाताला टेबल मांडलंय. आजी-आजोबांनी आपापली गोळ्यांची पिशवी तिथं दाखवावी. उभं राहायची गरज नाही, खुर्च्या ठेवल्या आहेत.