कोंबडीची घरघर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आरोग्याविषयी बोलायचे म्हटले की आपण मुलाबाळांविषयी बोलतो. मी आज कोंबड्यांच्या खोकल्याविषयी बोलणार आहे. हसू नका! परसातली अंडी विकून मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागविणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत, हे मला ठाऊक आहे.

आधी माझी चूक सांगते. एकदा बाजारातून छानशी तलंग आणली आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडली. दुसऱ्या दिवशी ती शिंकू लागली. गारठ्याने असेल म्हणून मी हळदीचे पाणी पाजले. पंधरा दिवसांत माझ्या सातांपैकी पाच कोंबड्या गेल्या आणि शेजारच्या वहिनींच्याही तीन. त्या काही बोलल्या नाहीत; तेच मला जास्त लागले.

तेव्हापासून नवी कोंबडी मी तीन आठवडे दूर, वेगळ्या डालग्याखाली ठेवते. तिचे पाण्याचे भांडेही निराळे. दाणापाणी आधी निरोगी कोंबड्यांना, मागून तिला; कारण रोग आपल्याच हातापायांनी हिंडतो.

दिवसा कोंबडी आपले दुखणे लपविते. रात्री सगळ्या निजल्या म्हणजे खुराड्यापाशी कान द्यावा; घरघर तेव्हा ऐकू येते. सकाळी दार उघडताच आपल्याच डोळ्यांना झोंबले, तर विष्ठेतल्या अमोनियाने कोंबड्यांच्या छातीचे काय होत असेल? ओला तूस काढून कोरडा घालावा, वर झरोका ठेवावा.

शिंका, डोळ्यांत फेस, अंडी कमी, आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर तो बहुधा जुनाट श्वासरोग. तोंड सुजून नाकाला घाण वास आला, तर कोरायझा. या दोहोंवर औषध आहे, पण ते पशुवैद्यांनी सांगितलेलेच द्यावे. माणसांच्या गोळ्या पाण्यात विरघळविण्याची आपली खोड वाईट. औषध चालू असताना, आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, अंडी खाऊ नयेत व विकू नयेत. बरी झालेली कोंबडीही पुष्कळदा रोग बाळगून असते. ती दुसरीच्या गळ्यात मारू नये.

चोच वासून श्वास, हिरवी हगवण, मान पिळवटलेली, ही मात्र मानमोडी. १९२७ च्या सुमारास कुमाऊँतल्या राणीखेतला आढळली म्हणून तिला राणीखेत रोग म्हणतात. तिच्यावर औषध नाही. लस आहे, आणि तीही निरोगी असतानाच टोचायची. पिलू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात थेंब, पुढे दोन महिन्यांच्या आसपास टोचणी.

खूप कोंबड्या एकाएकी मेल्या, तर कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. उघड्या हाताने शिवूही नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, बर्ड फ्लू निघाला होता. तो माणसालाही होऊ शकतो.

आता लसीची अडचण. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांपुरती लस असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनएक तासांत संपवावी लागते. माझ्या चार कोंबड्यांसाठी कुपी फोडली, तर बाकीची वायाच जायची. म्हणून सगळ्या आळीने एकच दिवस धरावा. चहापाण्यानंतर मंडळाची वही फिरेल. तीत आपले नाव, पिले किती व ती किती दिवसांची, एवढे लिहून ठेवावे. वहिनींचे नाव मी आधीच घातले आहे.