रिकाम्या माणसाचं लेखन

 

संयोजकांनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचं लेखन'. तो मी थोडा वळवून घेतलाय. लेखनाबद्दल बोलायला माझ्याहून जाणती माणसं पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे न होणाऱ्या लेखनाबद्दल. त्यातला माझा अनुभव सहा वर्षांचा आहे आणि चांगला मुरलेला आहे.

मी पायदळातला माणूस. निवृत्तीनंतर महूला घर केलं. तरुणपणी इथल्या इन्फंट्री स्कूलमध्ये कोर्स केलेले, हवा मानवते, आणि मराठी बोलायची हुक्की आली तर इंदूर जवळ आहे. हातात दोन कामं आहेत, एक कादंबरी आणि त्याच गोष्टीची पटकथा. दोन कशाला? तर मुंबईत एका निर्मितीसंस्थेत काम करणारी मुलगी मला म्हणाली, "अंकल, कादंबरी कोण वाचणार? स्क्रिप्ट असेल तर पाठवा." मग स्क्रिप्टला बसलो. आता असं होतं की कादंबरी अडली की मी पटकथेकडे जातो आणि पटकथा अडली की कादंबरीकडे. दोन्हीकडे हजेरी लागते, मुक्काम कुठेच नाही.

दिवस कसा जातो ते सांगतो. पावणेपाचला जाग येते, ती सवय काही सुटत नाही. चहा करून पाचला टेबलाशी. सव्वापाचला कोर्समेट मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिलं सुप्रभात पडतं. आमच्या ग्रुपवर सुप्रभातला उत्तर दिलं नाही तर साडेसहाला फोन येतो, 'तब्येत बरी आहे ना?' आमच्या वयात हा प्रश्न गमतीचा नसतो, त्यामुळे उत्तर द्यावंच लागतं. मग कुत्र्याला फिरवणं. मग दूधवाला. नऊनंतर कॅन्टीनचं सामान, नाहीतर ईसीएचएसच्या दवाखान्यात गोळ्यांची रांग. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आणि दुपारी कॉलनीतलं कोणीतरी दारात उभं, "कर्नल साब, आप तो खाली हैं ना?"

हे वाक्य मी फार ऐकलंय. निवृत्त फौजी दिसला की लोकांना सोसायटीचा सेक्रेटरी दिसतो. पाण्याची टाकी, गेटवरचा चौकीदार, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन, सगळं आपल्याकडे. "मी लिहितोय" असं सांगितलं तर समोरचा आदरानं मान डोलावतो आणि म्हणतो, "हो हो, वो तो रात को भी हो जाएगा."

ॲन्थनी ट्रोलॉप नावाचा इंग्रज कादंबरीकार होता. टपाल खात्यात नोकरी करून त्यानं 47 कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. हे सगळे सांगतात. मला त्यातला वेगळाच तपशील आवडतो. त्याला पहाटे कॉफी देऊन उठवायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला 5 पौंड जास्त मिळत. ट्रोलॉपनं आत्मचरित्रात त्या नोकराचं ऋण मोकळेपणानं मानलंय. मला हे लगेच पटलं, कारण नोकरीत माझी वेळ सांभाळायलाही माणसं होती. निवृत्तीच्या दिवशी तुमची बंदूक जमा होते, गाडी जमा होते, आणि ती माणसंही जमा होतात. त्यानंतर पाच वाजता टेबलाशी बसलात काय, न बसलात काय, कोणी रिपोर्ट मागत नाही.

आता गोष्टीकडे येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल कर्नल नुसतं गाऱ्हाणं सांगतोय.

माझी गोष्ट सियाचीनची आहे. 18,000 फुटांवरची एक चौकी, सात-आठ माणसं, साधारण तीन महिन्यांचा मुक्काम. त्यात एक रेडिओ ऑपरेटर आहे, सातारा जिल्ह्यातला. खरा मुलगा होता, माझ्या कंपनीतला. हिमकड्याखाली गेला. नाव सांगत नाही, कादंबरीतही बदललंय. त्याची आई आज ऐंशीच्या पुढे आहे. दिवाळीत मी फोन करतो. पूर्वी ती माझ्या मुलांची चौकशी करायची. मी लिहितोय हे कळल्यापासून पहिला प्रश्न तोच, "सायेब, पुस्तक झालं का न्हाई?" मी म्हणतो, "होतंय, आई." गेल्या दिवाळीला म्हणाली, "वाचून दाखवनारी नात पुन्याला गेली. आता तुमीच या वाचाया."

सैन्यात आम्हाला मुदत कळते. ही मुदत कोणी कागदावर दिलेली नाही, पण मला ती नीट दिसते.

म्हणून मी काही महिने एक वही ठेवली. लिहिताना कधी उठलो, कशासाठी उठलो, आणि उठलो तेव्हा कुठल्या पानावर होतो. पेट्रोल रिपोर्टसारखी, मतप्रदर्शन न करता. दारावरची बेल त्यात होती, नातवाचा व्हिडिओ कॉल होता, वीज गेली होती. पण खरा धंदा तिसऱ्या रकान्यात निघाला. चौकीवरच्या गमतीच्या प्रसंगांत बेल वाजली तरी मी उठलो नव्हतो, बायकोनं दार उघडलं होतं. संत्रं गोठून क्रिकेटच्या चेंडूसारखं होतं, बुखारीच्या काजळीनं थुंकीसुद्धा काळी येते, उघड्या हातानं धातूला शिवलं तर कातडी चिकटते, ही पानं मी सलग लिहिली. आणि त्या मुलाच्या शेवटच्या सकाळचं पान आलं की दूधवाल्याची चाहूल मला फाटकापासून ऐकू यायची.

त्यातला सगळ्यात प्रतिष्ठित व्यत्यय म्हणजे संशोधन. त्या वर्षी कुठल्या बनावटीचे बूट होते? दोरीची जाडी किती? मी एक अख्खा आठवडा बुटांवर घालवला. घरात कोणी काही बोललं नाही, कारण चष्मा लावून वाचत बसलेला माणूस काम करताना दिसतो. लेखनकलेवरचे व्हिडिओ बघणं हाही त्यातलाच प्रकार, आणि हे मी तुम्हाला व्हिडिओतूनच सांगतोय, तेव्हा तुमचं अर्धवट हस्तलिखित बाजूला पडलं असेल तर मला बंद करा, राग नाही.

त्या पानाला दोन्ही कामं वेगवेगळ्या तऱ्हेनं अडतात. पटकथेत एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, आणि जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ते लिहायचं नाही. 'त्याला घराची आठवण आली' हे वाक्य तिथे चालत नाही, कॅमेऱ्यानं काय दाखवायचं? कादंबरीत ते चालतं, तीन पानं चालतं, आणि तिथेच घसरण आहे. मी त्याला फार विचार करायला लावत होतो. शेवटच्या सकाळी तो मुलगा आईचा, देशाचा, मृत्यूचा विचार करत होता असं लिहिलं की वाचणाऱ्याचे डोळे भरतील. पण मला माहीत आहे तो काय करत होता. रेडिओची बॅटरी थंडीनं उतरू नये म्हणून जॅकेटच्या आत छातीशी धरून बसला होता आणि चहात साखर कमी म्हणून कुरकुरत होता. पटकथेनं मला एवढंच ठेवायला लावलं. मग कादंबरीतूनही मी बाकीचं काढलं.

ते पान गेल्या महिन्यात झालं. दीड पान आहे. भाषा साधी आहे, कारण ते मोठ्यानं वाचायचंय, आणि ऐकणारीला तो मुलगा माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती मध्येच थांबवून म्हणू शकते, 'न्हाई सायेब, तो असं बोलायचा न्हाई.' मुंबईतले निर्माते काय म्हणतील याची मला तेवढी भीती नाही.

अजून साधारण साठ पानं उरलीत. हल्ली फोन रात्रीच स्वयंपाकघरात, गव्हाच्या डब्यावर ठेवतो. ग्रुपला सांगून टाकलंय की माझं सुप्रभात साडेसातला येईल, त्याआधी मी जिवंत आहे असं धरून चाला. टाकीचं काम एका निवृत्त बँक मॅनेजरकडे दिलंय. तो माझ्याहून कडक निघालाय.

संयोजक वेळ संपल्याची खूण करताहेत. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. उत्तर देईन, पण सकाळी साडेसातनंतर.