गुडघा कुणाचा, जोखीम कुणाची?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रकात माझा विषय वाचून काही जणींनी मला काल रात्रीच टोकलं. घरकामगारांची नोंदणी, पोटगीचे खटले, रेशनकार्डं एवढं सगळं पडलेलं असताना ही बाई फुटबॉलवर काय बोलणार? आणि तेही परदेशातल्या पगारी खेळाडूंवर? प्रश्न रास्त आहे. मलाही खेळाचं तंत्र फारसं कळत नाही. पण समाजकार्याचं शिक्षण घेताना कामगार कायद्याचा एक पेपर होता, आणि गेली काही वर्षं मी वस्तीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींबरोबर काम करते आहे. त्या निमित्तानं या खेळाडूंचे करार, संप आणि कोर्टातले निकाल वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की आपण कंत्राटी बायकांच्या बैठकीत जे बोलतो तेच हे आहे. फक्त इथे कामाचं हत्यार म्हणजे बाईचं स्वतःचं शरीर आहे. ते मोडलं तर दुसरं आणता येत नाही.

आधी करार म्हणजे काय ते बघू. व्यावसायिक फुटबॉलपटू क्लबबरोबर मुदतीचा लेखी करार करते. फिफा या जागतिक संघटनेच्या नियमानुसार तो जास्तीत जास्त पाच वर्षांचा असू शकतो. मोठे पुरुष खेळाडू तीन-चार वर्षांची मुदत मागून घेतात, बायकांना मात्र बहुधा एखाद-दोन हंगामांचीच मिळते. आणि ज्यांना करार मिळतो त्या नशीबवान म्हणायच्या. २०१७ साली फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक युनियननं केलेल्या पाहणीत जवळपास निम्म्या खेळाडूंना क्लबकडून पगारच मिळत नव्हता.

आता गुडघ्याकडे येते. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना आतून बांधून ठेवणारा एक तिरपा पट्टा असतो, त्याला एसीएल म्हणतात. पळता पळता एकदम वळताना किंवा उडीवरून खाली उतरताना, कुणाचा धक्काही न लागता, तो तुटू शकतो. बहुतेक अभ्यास सांगतात की बायकांमध्ये ही दुखापत पुरुषांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात होते. जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली स्पेनची अलेक्सिया पुतेयास जुलै २०२२ मध्ये युरोपच्या स्पर्धेच्या तोंडावर अशीच जायबंदी झाली. त्यानंतर इंग्लंडच्या आर्सेनल क्लबात नोव्हेंबर २०२२ ते मे २०२३ एवढ्या काळात बेथ मीड, विविआन मिडेमा, इंग्लंडची कर्णधार लीआ विल्यमसन आणि लाउरा वीनरॉयटर अशा एकाच संघातल्या चौघींचे पट्टे तुटले.

शस्त्रक्रिया करून पुन्हा मैदानात यायला नऊ महिने तरी लागतात, पुष्कळदा जास्तच. करार एका हंगामाचा आणि दुरुस्ती नऊ महिन्यांची, हे गणित मांडून बघा. मधल्या काळात करार संपतो आणि नव्या वाटाघाटीला ती कुबड्या घेऊन बसते. समोरचा मालक तिच्या खेळाआधी तिच्या गुडघ्याकडे बघतो. नऊ महिने हा आकडा तर आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. मालकाच्या हिशेबात दुखापत आणि बाळंतपण एकाच रकान्यात बसतं: बाई कामावर नाही, पगार मात्र चालू. इंग्लंडमधल्या वरच्या दोन लीगच्या खेळाडूंना फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण पगारी चौदा आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळाली, आणि त्याच समझोत्यात दीर्घ दुखापतीच्या काळातलं संरक्षणही वाढलं. दोन्ही एकदम मिळाली याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

‘बायकांचे गुडघे जास्त का मोडतात?’ या प्रश्नाला तयार उत्तर असतं: कंबरेची ठेवण, संप्रेरकं, पाळी. शरीराचा भाग असेल, तो नाकारायचं कारण नाही. पण आपण या उत्तराला सावध असायला हवं, कारण बाईच्या शरीरात दोष सापडला की मालकाची जबाबदारी संपते. बूट कुणाच्या पायाच्या साच्यावर बनतात? पुरुषांच्या. व्यायामशाळा, मालिश करणारे, डॉक्टर आधी कुणाला? पुरुषांच्या संघाला. दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या मुलीचे पाय किती दमलेले असतील, ते कुठल्या संप्रेरकात मोजणार? आता इंग्लंडमधल्या आणि जागतिक युनियननं मिळून २०२४ पासून विद्यापीठाच्या मदतीनं कामाच्या परिस्थितीचा आणि या दुखापतीचा संबंध तपासायला घेतला आहे. हे काम युनियनना करावं लागलं, हे लक्षात ठेवा.

आणि मैदानाचं काय? २०१५ चा महिलांचा विश्वचषक कॅनडात झाला तो सगळाच्या सगळा कृत्रिम गवतावर. पुरुषांचा विश्वचषक असा कधी झालेला नाही. जगातल्या नामवंत खेळाडूंनी ऑक्टोबर २०१४ मध्ये ओंटारिओच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे भेदभावाची तक्रार केली. पण स्पर्धा जवळ येत चालली होती, तारीख मिळेना, आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यांना ती मागे घ्यावी लागली. अमेरिकेच्या बायकांनी तोच विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विजयाचे सामने खेळत त्या हवाईला गेल्या. तिथे सरावाच्या मैदानावर मेगन रपिनोचा एसीएल तुटला. सामन्याच्या मैदानावरचं कृत्रिम गवतही खेळण्याजोगं नव्हतं. संघानं सरळ सांगितलं, आम्ही खेळणार नाही. तिकिटं विकलेला सामना रद्द झाला. ‘धोका दिसला तर काम थांबवू’ हा गिरणीतल्या कामगाराचा जुना हक्क. जगज्जेत्या बायकांनाही तो बजावून घ्यावा लागला.

या अमेरिकन बायकांची पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

८ मार्च २०१९ ला, म्हणजे महिला दिनीच, त्यांच्या २८ खेळाडूंनी आपल्या राष्ट्रीय महासंघावर समान वेतनासाठी दावा लावला. पुरुषांचा करार कसा होता? सामना खेळलात तर पैसे, नाही तर नाही. पण खेळलात तर रक्कम मोठी. बायकांनी वाटाघाटीत वेगळं मागून घेतलं होतं: ठरलेला वार्षिक पगार, आरोग्य विमा, दुखापतीत आणि गरोदरपणात संरक्षण. त्याच्या बदल्यात सामन्यामागचा बोनस कमी. असं का मागितलं? कारण पुरुषांना क्लबात भरघोस पगार होता. राष्ट्रीय संघात गुडघा मोडला तरी घर चालत होतं. बायकांची लीग २०१३ साली सुरू झाली तेव्हा तिथला किमान पगार होता वर्षाला सहा हजार डॉलर. एवढ्यावर कुणी गुडघा पणाला लावेल का?

मे २०२० मध्ये न्यायाधीशांनी समान वेतनाचा भाग फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पुरुषांसारखा करार बायकांनी स्वतःच नाकारला, त्यांनी सुरक्षितता निवडली, आणि एकूण रक्कम पाहिली तर त्यांना काही कमी मिळालं नाही. आता बघा. एकूण रक्कम मोठी दिसली, कारण त्या जास्त सामने खेळल्या आणि जास्त जिंकल्या. आणि सुरक्षितता त्यांनी हौसेनं घेतली नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या बोनसमधून विकत घेतली होती. जी गोष्ट पुरुषांना क्लबातून आपोआप मिळत होती, तिच्यासाठी बायकांनी पैसे मोजले, आणि कोर्टात तीच गोष्ट ‘तुम्हाला हे जास्तीचं मिळालंय’ म्हणून त्यांच्यावर उलटली. आपल्या अंगणवाडीताईंना हे समजावून सांगावं लागणार नाही.

बायकांनी अपील केलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन कोटी चाळीस लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि त्या मे महिन्यातल्या नव्या करारात सामन्यांची रक्कम आणि विश्वचषकाच्या बक्षिसाचा वाटा दोघांना सारखा झाला. त्यात बायकांचा तो ठरलेला पगार मात्र गेला. तोपर्यंत क्लबांची बाजू थोडी सावरली होती म्हणून हे परवडलं. जानेवारी २०२२ च्या अखेरीला लीगमधल्या खेळाडूंच्या संघटनेनं पहिला सामूहिक करार मिळवला होता, किमान पगार ३५ हजार डॉलरवर नेला होता. सराव शिबिराला हजरच होणार नाही असं बजावून मिळवला, हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२४ च्या करारात तर पूर्ण हमीचे करार आले. खेळाडूला तिच्या संमतीशिवाय दुसऱ्या क्लबाकडे धाडणं बंद झालं. मला गंमत वाटली ती एका बारीक कलमाची: मुलं सांभाळण्याचा खर्च बायकांच्या संघाला वीस-पंचवीस वर्षं मिळत होता, तो २०२२ पासून पुरुष खेळाडूंनाही लागू झाला. बापालाही मूल असतं, हे बायकांच्या युनियनमुळे कळलं म्हणायचं!

स्पेनमध्ये लढाई एका शब्दावर झाली. तो शब्द म्हणजे ‘अर्धवेळ’. क्लब म्हणत, किमान पगार १६ हजार युरो देऊ, पण अर्धवेळ खेळाडूला त्याच्या निम्मा. बायका म्हणाल्या, निदान पाऊण, म्हणजे १२ हजार. कारण अर्धवेळ म्हणायचं आणि राबवायचं पूर्णवेळ, हे त्या ओळखून होत्या. आणि गुडघा काही अर्धवेळ मोडत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये जवळपास दोनशे खेळाडू एकत्र बसल्या, मतदान झालं. नोव्हेंबरमध्ये संपाच्या आठवड्यात पहिल्या विभागाचे आठही सामने झाले नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये करारावर सह्या झाल्या; १२ हजार मान्य झाले, बाळंतपणाचं आणि दुखापतीचं संरक्षणही आलं.

पण कागदावर आलं म्हणजे हातात आलं असं नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक! फिफानं १ जानेवारी २०२१ पासून नियम केला: चौदा आठवड्यांची रजा, त्यातले आठ तरी बाळंतपणानंतर, पगार कमीत कमी दोन तृतीयांश. गरोदर आहे म्हणून करार मोडता येणार नाही. मोडला तर कारण गरोदरपणच होतं असं धरायचं, दुसरं काही असेल तर ते क्लबनं सिद्ध करायचं. चांगला नियम आहे, सिद्ध करण्याचा बोजा योग्य खांद्यावर टाकला आहे. त्याच वर्षी फ्रान्सच्या ल्यों क्लबात खेळणारी आइसलंडची कर्णधार सारा ब्योर्क गुनार्सडोत्तिर गरोदर राहिली आणि माहेरी, आपल्या देशात गेली. तिचा पगार पूर्ण येईना. क्लबचं म्हणणं, आम्ही फ्रेंच कायद्याप्रमाणेच वागतो आहोत. युनियनच्या मदतीनं ती फिफाच्या लवादाकडे गेली आणि मे २०२२ मध्ये तिला ८२ हजार युरोंहून अधिक थकबाकी व्याजासह देण्याचा निकाल लागला. ही बाई चॅम्पियन्स लीग जिंकलेली, देशाची कर्णधार. तरी एकटीच्या पत्रांना दाद मिळाली नाही. मग पहिल्याच हंगामात असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं काय?

आता आपल्याकडे. महिलांची भारतीय लीग २०१७ च्या सुरुवातीला सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये अखिल भारतीय महासंघानं जाहीर केलं, की वरच्या लीगमधल्या क्लबनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान ३ लाख २० हजारांचे करार करावेत. पाऊल चांगलं आहे. पण २०२३-२४ चा हंगाम डिसेंबरात सुरू होऊन मार्चात संपला. चार महिन्यांच्या हंगामात तिसऱ्या आठवड्यात पाय मोडला, तर शस्त्रक्रियेचं बिल कुणाचं, उरलेला पगार मिळणार का, व्यायामोपचार किती महिने? म्हणूनच आपल्याकडे घरचे लोक लीगपेक्षा रेल्वे आणि पोलिसातल्या नोकरीकडे डोळे लावून असतात. २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी अठरा महिन्यांचा करार करून इतिहास घडवणारी बाला देवीही मणिपूर पोलिसात होतीच. आपण या घरांना मागासलेली म्हणतो. ती मागासलेली नाहीत, त्यांचा हिशेब पक्का आहे.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीला क्लबकडून बोलावणं आलं तेव्हा सगळे पेढे वाटायच्या बेतात होते. तिची आई धुणीभांडी करते, अक्षर ओळखत नाही. तिनं विचारलं, “हिचा पाय मोडला तर कोन बघनार?” क्लबचा माणूस म्हणाला, तसं काही होत नाही हो ताई. मग आम्ही तो दीड पानाचा कागद मागून वाचला. त्यात खेळाडूनं काय काय करायचं नाही याची यादी होती, दुखापत हा शब्दच नव्हता. आणि कागदाची प्रत मुलीला द्यायची पद्धत नव्हती. आईच्या प्रश्नावर अडून राहिलो. पंधरा दिवसांनी एक ओळ वाढवून मिळाली: खेळताना किंवा सरावात झालेल्या दुखापतीचा उपचार क्लब करील. किती दिवस, कुठल्या दवाखान्यात, पगार चालू की बंद, हे अजून लिहिलेलं नाही. मुलगी खेळते आहे, आम्ही पाठपुरावा करतो आहोत.

त्या कराराची नावं खोडलेली झेरॉक्स मी आणली आहे. चहानंतर गटात बसताना प्रत्येक गटाला एक प्रत देईन. दुखापतीचं आणि गरोदरपणाचं कलम कसं असावं, ते मराठीत, साध्या वाक्यांत लिहून काढायचं आहे. ज्यांच्याकडे घरकामगारांच्या कराराचा नमुना आहे त्यांनी तोही सोबत घेऊन बसा.