पोर्शन कुठवर आलाय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जूनमध्ये शाळा सुरू झाली की दिवाळीपर्यंत मराठी घरांत एक शब्द दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतो. तो म्हणजे पोर्शन. ‘गणिताचा पोर्शन झाला का?’ ‘सहामाहीला पोर्शन किती आहे?’ ‘क्लासमध्ये पोर्शन शाळेच्या पुढे गेलाय.’ याच पोर्शनला छापील कागदावर अभ्यासक्रम म्हणतात, कॉलेजात सिलॅबस म्हणतात आणि संगणकाच्या वर्गात कोर्स म्हणतात. पोर्शन म्हणजे खरं तर वाटा, हिस्सा. म्हणून तर ‘बंगल्याचा वरचा पोर्शन भाड्याने देणे आहे’ अशी पाटीही आपल्याला खटकत नाही.

सिलॅबस या शब्दाची जन्मकथा गमतीची आहे. रोमन वक्ता सिसेरो याने आपला मित्र अ‍ॅटिकस याला लिहिलेल्या पत्रांत ग्रंथांच्या गुंडाळ्यांना लावायच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख आहे. त्या चिठ्ठ्यांना ग्रीक शब्द होता सित्तुबा. पंधराव्या शतकात ही पत्रं छापली गेली तेव्हा अक्षरांची गफलत झाली आणि ‘सित्तुबास’चं ‘सिलाबोस’ झालं. पुढे विद्वानांनी त्या चुकीलाच व्याकरण जोडून दिलं! नवव्या पायस या पोपने 1864 साली आपल्या मते चुकीच्या अशा 80 मतांची यादी जाहीर केली, तिचंही नाव सिलॅबसच. म्हणजे मुळात चिठ्ठी आणि नंतर यादी.

आपला शब्द वेगळ्या घरचा आहे. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. हिंदीत आजही अभ्यास म्हणजे सराव. मराठीत आपण तो पुस्तकांकडे वळवला. क्रम म्हणजे पाऊल टाकणं, एकामागून एक. वेदपठणात क्रमपाठ असतो. त्यात पहिलं पद दुसऱ्याबरोबर म्हणायचं, मग दुसरं तिसऱ्याबरोबर, मग तिसरं चौथ्याबरोबर. मागचं हातात धरल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही. अभ्यासक्रम हा शब्द उच्चारताना मला नेहमी हा क्रमपाठ आठवतो.

शिक्षणशास्त्राची पुस्तकं अभ्यासक्रम आणि पाठ्यक्रम यांत फरक करतात. शाळेत मूल जे जे अनुभवतं ते सगळं मिळून अभ्यासक्रम, आणि एका विषयात एका वर्षात काय शिकवायचं त्याची आखणी म्हणजे पाठ्यक्रम. फरक चांगला आहे, पण तो डी.एड., बी.एड.च्या परीक्षेपलीकडे फारसा गेला नाही. 1967 साली स्थापन झालेल्या आपल्या बालभारतीच्या पूर्ण नावात पाठ्यपुस्तक आणि अभ्यासक्रम हे दोन्ही शब्द आहेत, आणि घरोघरी पोचलं ते पाठ्यपुस्तक.

मराठीत आणखी एक झकास प्रयोग आहे, ‘लागणं’. ‘अमुक कादंबरी बी.ए.ला लागली आहे.’ नोकरी लागते, वेड लागतं, तसं पुस्तक लागतं. कादंबरी लागली की तिच्यापेक्षा तिचं गाइड जास्त खपतं, हे मात्र मला कधीच रुचलं नाही.

मी तीस वर्षं एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवलं. कविता शिकवताना त्याच कवीची दुसरी एखादी कविता म्हणून दाखवली की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, ‘सर, हे पोर्शनमध्ये आहे का?’ नाही म्हटलं की पेनांची टोपणं लागायची. पोरांचा राग कसा धरणार? शिक्षकांच्या खोलीतही आमची एकमेकांना विचारपूस तीच होती, ‘तुमचा पोर्शन कुठवर आलाय?’ सगळ्यांना घाई संपवण्याची.

याउलट शेतावरून थेट शाळेत येणारे पालक विचारायचे, ‘गुरुजी, पोरगं कुठवर आलंय?’ शब्द जवळजवळ तेच, पण कर्ता बदलला. इथे पुस्तक पुढे सरकत नाही, पोरगं सरकतं. या प्रश्नाला ‘आठवा धडा झाला’ हे उत्तर चालत नसे.

2020 साली करोनामुळे शाळा बंद असताना राज्याने पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम 25 टक्क्यांनी कमी केला. त्या वेळी दुसरा इलाजही नव्हता. घराघरांत बातमी पोचली ती ‘पोर्शन कमी झाला’ अशी. वाटा कमी करता येतो, पण क्रमातली पायरी काढली तर पुढच्या वर्गातल्या पोराने पाय कुठे ठेवायचा? शाळा उघडल्यावर हा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहिलाच.

शिक्षकांना टाचणवही ठेवावी लागते. तारीख, घटक, तासिका असे तिचे रकाने. मी उजवीकडे पट्टीने एक रकाना वाढवला होता, ‘कोणाला आलं नाही’. त्यात लिहायचो : उपमा आणि रूपक, नऊजण. अनुस्वार, चौदाजण. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, ‘हा रकाना नमुन्यात नाही, कशासाठी?’ मी सांगितलं, सोमवारी सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं. त्यांनी पान उलटलं, दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी वाचल्या आणि विचारलं, ‘मग या चौदाजणांचं पुढे काय झालं?’ मी पुढचं पान काढून दिलं. तिथे आकडा पाच होता.