भरलेलं गाडगं

मी विचुंब्याची, बचत गटांची समन्वयक.

सहाशे वर्षांपूर्वी चॉसर नावाच्या इंग्रज कवीने एका साधूच्या तोंडून राजे-महाराजे कसे धुळीला मिळाले ते सांगितलं. सांगणं एकच : दैवाचं चाक फिरतं, वर आहात म्हणून भरवसा धरू नका. मला आपलं रहाटगाडगं आठवलं. भरलेलं वर येतं, रितं होऊन खाली जातं.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी जमिनीचे पैसे आले. दारात गाडी आली. “आता शंभर रुपये कशाला भरू?” म्हणत ताईंनी बचत थांबवली. चार वर्षांत पैसे संपले, गाडी विकली. ताई सभेला आल्या, पण दाराशीच बसल्या. म्हणाल्या, “नशीबच फिरलं.”

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी तरुणपणीच विधवा झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी शेतात राबल्या, संसार ओढला. भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाला त्यांनी कवितेतून परत पाठवलं. त्यांच्या कवितांचं पुस्तक 1952 साली, त्यांच्या मागे निघालं.

आम्ही ताईंना कुणी टोमणा मारला नाही. पुढे बसवलं, नवं पासबुक दिलं. उद्या त्यांच्या जागी आपणही असू.

चाक थांबवणं आपल्या हाती नाही. पण गाडगं भरलेलं असतानाच घागर भरून ठेवता येते. घरात पैसा आला, तर त्यातली एक ठेव तुमच्या नावावर करून घ्या. आणि बचत? ती थांबवू नका.