बाळंतविडा विणताना

गेल्या थंडीत आमच्या गटातल्या एकीला नातू झाला. आम्ही ठरवलं, बाळंतविडा जुन्या वळणाचा करायचा. टोपडं, अंगरख्यासारखं झबलं, पायमोजे, सगळं लोकरीचं.

पायमोज्यांवर दोन रंगांची नक्षी काढली. बाहेरून फार सुरेख! आतून मात्र रंग बदलताना सोडलेले धागे लोंबत होते. तिकडे कोणी पाहिलंच नाही. बारशानंतर दोन दिवसांनी बाळ रडायला लागलं. पोट दुखत असेल म्हणून हिंग लावून झाला, पाजून झालं. शेवटी आजेसासूबाईंनी मोजा काढला. धागा करंगळीला गुंडाळून बोट लालभडक सुजलेलं. धागा कापला, लगेच दवाखान्यात नेलं. बोट वाचलं.

तेव्हापासून आम्ही पायमोजे एकाच रंगात विणतो आणि देण्याआधी उलटे करून आत आपलं बोट फिरवतो. लोकरीची टोकं सुईने आतल्या टाक्यांत ओवून टाकतो. जाळीची वीण हातापायांजवळ नाहीच, इवलीशी बोटं तिच्यात अडकतात.

टोपड्याचे हनुवटीखालचे बंदही सोडले, गळ्याला आवळायची भीती. त्याऐवजी कडेला एक सुलट, एक उलट अशी चार बोटं वीण घेतो, ती डोक्याला आपोआप धरते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर असतो. वीण ताणते म्हणून टोपडं 32 चं करतो. आधी छोटा तुकडा विणून टाके मोजायचे. 10 सेंटीमीटरमध्ये 26 बसले, तर 32 ला 83 होतात. जोडी जुळावी म्हणून 84 घाला. ज्यांचा हात घट्ट, त्यांचा हिशोब वेगळा येईल.

झबल्याच्या बाबतीत मात्र जुन्या बायकाच शहाण्या. अंगरख्याचं झबलं डोक्यातून ओढावं लागत नाही, बंदही गळ्याशी नसून कुशीला असतात. ते आखूड ठेवा, पक्के शिवा. मणी, टिकल्या, बटणं नकोत. सुटलं की थेट बाळाच्या तोंडात.

आणि एक. घरात ऊब असेल तर झोपलेल्या बाळाचं टोपडं काढा. मानेला हात लावून बघा, घामेजली असेल तर एक कपडा कमी करा. बाळ कमी वजनाचं असेल तर टोपडं किती वेळ ठेवायचं ते नर्सताईंना विचारा.

त्या नातवाचे नवे पायमोजे आता पिवळे आहेत, साधे. आजेसासूबाई मात्र रोज उलटे करून बघतातच.