न दिसणारी शिवण



14 ऑक्टोबर 1066 ला हेस्टिंग्जची लढाई झाली. इंग्लंडमधल्या बॅटल गावच्या मठाच्या आवारात हौशी माणसं ती आजही ऑक्टोबरात पुन्हा लढतात. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डला 1410 ची लढाई जुलैच्या उन्हात उभी राहते. त्यांची चित्रफीत पाहून आपल्याकडे कुणी म्हणतं, "रिकामटेकड्यांची हौस!" मला हे फार लागतं.

यांच्यातली काही माणसं पोशाखाची आतली शिवणसुद्धा हाताने घालतात. अस्तराखालची, कुणाला कधीच न दिसणारी. कशासाठी?

पुरणपोळी करणारीला विचारा. पोळीतलं पुरण कुणाला दिसतं? पण डाळीची एक कणी वाटायची राहिली, तर लाटताना पोळी तिथेच फुटते. पुरण सैल झालं तर कडेने बाहेर येतं. वरून तूप कितीही ओता, आतली हयगय तव्यावर उघडी पडतेच.

चिलखताचंही तसंच. एकेक कडी चार कड्यांत ओवायची आणि तिची टोकं रिवेटने जोडायची. नुसती वाकवून मिटलेली कडी घाव बसला की उघडते. आत कापूस-लोकर भरलेला जाड अंगरखा नीट शिवलेला नसेल, तर दहा-बारा किलोंचं लोखंड खांदे सोलून काढतं. कमरपट्टा आवळला की त्यातला बराच भार कमरेवर उतरतो. हे वाचून माहीत होतं, पण पटतं ते अंगावर घातल्यावरच. म्हणून पुन्हा सांगते, न दिसणारी शिवण महत्त्वाची.

या लढाया उभ्या करणाऱ्यांतल्या काटेकोर मंडळींच्या चुलीवरही बटाटा नाही, टोमॅटो नाही. हे सगळं अमेरिकेतून नंतर आलं. मिरचीही तिथलीच; आपल्याकडे ती पोर्तुगिजांनी आणली. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांपासून ते लोकर लाल रंगवतात, त्याबद्दल खूप सांगायचं होतं, विशेषतः तुरटी आधी का लावतात ते... पण वेळ संपत आला आहे.

तेवढ्यात एक बोलून घेते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण मुलांना चकचकीत सॅटिनचा मावळा करतो, पाठीला चेन लावतो. शिवराय मनापासून प्रिय आहेत ना? मग इतकी घाई का? यंदा सुती कापड घ्या, चेनऐवजी बंद लावा, आणि आतली शिवण मुलाला शेजारी बसवून हाताने घाला. तेवढं कराच.